डोळे बांधून जोडलेली बंदूक

“हात नका लावू, तापलीय ती!” बंदूक थंडगार असली तरी तो हेच म्हणायचा आणि अंगरख्याच्या टोकाने ती पुन्हा पुसायला घ्यायचा.

बीडच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, मी मोहरीर होतो, अर्ज आणि हुकूम लिहिणारा. तो तलवाड्याच्या मेंढपाळाचा मुलगा, मोठ्या लढाईत मिसर देशाच्या वाळूत लढून आलेला. आमच्याकडे आपोआप झडणारी बंदूक एकच, आणि तिचा जाणकारही हा एकच. काडतुसांची पट्टी बाजूने सरकवून चाप दाबून धरला की ती एका दमात तीस गोळ्या ओकायची. पण धूळ गेली की रुसायची, मग सगळी उघडावी लागे.

रजा मिळावी म्हणून त्याने नको तो शहाणपणा केला. रिसालदारांसमोर डोळ्यांना रुमाल बांधून बंदूक उघडली, पुसली, जोडून दाखवली. तुम्ही असता तर टाळ्याच वाजवल्या असत्या. आम्हीही वाजवल्या. रिसालदार म्हणाले, “तू गया तो ये कौन खोलेगा?” झालं! आपल्याच हाताने पायावर धोंडा.

तलवाडा दीड दिवसाच्या वाटेवर. बापाची नजर जात चालली होती. “मी दिसंन तवर जायचंय, मोहरीरसायेब,” तो म्हणायचा. त्याचा अर्ज मी लिहायचो, आणि नामंजुरीही मीच.

दुसऱ्या कुणाला शिकवून सुटावं, तर शिपाई लई हुशार. शिकेल तो अडकेल, हे सगळ्यांनी ओळखलेलं. त्याने हाक मारली की कुणाचं पोट दुखे, कुणाचा घोडा लंगडे. “बे, वाघ हाय का ही?” असं ओरडून तो स्वतःच हसायचा.

शेवटी त्याने मलाच बसवलं. मला गंमत वाटली. चार-सहा दुपारींत मी नळी, दट्ट्या, कमान बिनचूक बसवू लागलो. “सुटलो मी!” म्हणत त्याने मला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी तो रिसालदारांना म्हणाला, “हुजूर, मोहरीरसायबांना येतंय.” रिसालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला माझं घर आठवलं, बायको आठवली. रिसाला उद्या कुठेही जाईल, बंदुकीमागे मलाही जावं लागेल. मी म्हणालो, “नाही हुजूर, मला कुठलं येतंय?”

त्याने सलाम केला आणि बंदूक उचलून नेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या बैलगाडीतून बापच आला. डोळे पुरते गेले होते.

“कावून आला न्हाईस?”

“बंदूक बिघडलती, आबा.”

मी चार हातांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाजेने मला तिथून हलवेना.

म्हाताऱ्याने लेकाचं कपाळ चाचपलं, मग गाल. बोटं ओठांवर येऊन थांबली.

“मिशी कवा ठिवलीस रं?”