वफ्र्याच्या मजऱ्यातलं उत्खनन

पुरातत्त्वाची पदवी घेऊन मी कुवेतला आले, पण तिचा उपयोग एकदाच झाला होता: फ्रिजमागे सापडलेली पोळी कोणत्या काळातली असावी, हे सांगताना. नवरा शुऐबाच्या एका कारखान्यात इंजिनिअर, मी शाळेत भूगोल शिकवायचे. इथे जमीन खणायची संधी मिळेल असं कधी वाटलंच नव्हतं. ती आणली नाशिककर भाऊजींनी.

भाऊजी नवऱ्याच्याच कारखान्यातले. एकटे राहायचे आणि फार वाचायचे. एका हिवाळ्यात त्यांनी इस्रायलमधल्या किबुत्झविषयी वाचलं: सगळ्यांनी मिळून शेती करायची, एकाच स्वयंपाकघरात जेवायचं, माझं-तुझं काही नाही. ते इतके भारावले की आमच्याकडे चहाला आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, आपण वफ्र्याला किबुत्झ काढू या!"

रत्नागिरीचे भाई तिथेच चहा पीत होते. त्यांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान, आणि अर्धं आयुष्य कुवेतमध्ये गेलेलं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला. "शेत काढा, हवं तर गाव वसवा. पण तो शब्द या देशात परत तोंडातून काढू नका. मला मुलीचं लग्न करायचंय अजून."

म्हणून आमच्या किबुत्झचं नाव पडलं 'सामाईक मजरा'. मजरा म्हणजे शेत. वफ्रा म्हणजे कुवेतच्या दक्षिण टोकाचा शेतांचा पट्टा; तिथल्या एका मोठ्या शेताचा पडीक कोपरा भाईंच्या ओळखीने मिळाला. निळी पाण्याची टाकी, पत्र्याची शेड आणि भरपूर वाळू. भाई-भाभी, भाऊजी, आम्ही दोघं आणि आमची मुलगी, दर शुक्रवारी डबे घेऊन निघायचो.

समता पहिल्या तोडणीपर्यंत टिकली. भेंडी कुणी तोडायची हे बैठकीत ठरायचं होतं. बैठक एवढी लांबली की भेंडी जून झाली. माझा नवरा सामाईक वांग्यांपैकी एकाच रोपाला चोरून खत घालायचा आणि ते रोप एवढं फोफावलं की चोरी लांबून दिसायची. खरी कसोटी जेवणानंतरची. भांड्यांची वेळ झाली की सगळ्यांना एकदम निसर्ग आवडू लागायचा. भाऊजी तर सूर्यास्त बघायला जायचे. भर दुपारी.

भांडी घासून घासून वैतागलेल्या भाभींनी शेवग्यासाठी खड्डा खणायला घेतला आणि त्यांची कुदळ खणकन वाजली.

मी धावले. वाळूतून काळसर दगडाची कड डोकावत होती. हाताने वाळू बाजूला केली, तर वापरून वापरून मध्ये खोलगट झालेला पाटा! माझ्या अंगावर काटा आला. "कुणी हात लावू नका!" मी ओरडले. "ही प्राचीन वसाहत असू शकते."

"आई, इट्स अ रॉक," मुलगी म्हणाली.

त्या शुक्रवारपासून शेती बंद पडली. मी सुतळीने चौकोन आखले, सगळ्यांकडून जुने टूथब्रश गोळा केले आणि एकेकाला चौकोन वाटून दिला. आश्चर्य म्हणजे भेंडीला हात न लावणारी माणसं वाळू झाडायला मांडी घालून बसली. पाट्याशेजारी स्टीलचा चमचा निघाला. तो वरच्या थरातून घसरून आला असणार, असं मी ठामपणे सांगितलं. नवऱ्याला निराळीच काळजी. "खरंच प्राचीन निघालं तर सरकारला कळवावं लागेल ना?"

"कळवणारच. आधी नीट मोकळा तर होऊ दे."

पाटा मोकळा होण्याआधी माझी कंबर धरली. जाब्रियाच्या दवाखान्यात गेले तर तिथल्या केरळच्या हेड नर्स बाईंनी दरडावलं, "इस उमर में क्या खोदता है?" मी वफ्र्याचं सांगितलं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. पूर्वी त्या आणि त्यांच्या मैत्रिणीही सुट्टीला वफ्र्याला जायच्या म्हणे. कुणाला तरी ऐट दाखवायची होतीच. मी त्यांना पुढच्या शुक्रवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

बाई आल्या त्या थेट निळ्या टाकीपाशी जाऊन थबकल्या. मग त्यांचं लक्ष माझ्या सुतळीच्या चौकोनाकडे गेलं आणि त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"अय्यो! ये तो हमारा अम्मी है!"

भाईंच्या हातातला टूथब्रश गळून पडला. ते पांढरेफटक पडून उठले, डोक्याला रुमाल बांधला आणि अतिशय अदबीने म्हणाले, "सिस्टर... अम्मी को इधर दफनाया था?"

"दफनाया नहीं. छोड़ के चला गया. बहुत भारी था, कोई उठाने को तैयार नहीं."

"या अल्लाह," भाई म्हणाले आणि खाली बसले.

बाईंनी पाट्यावर हात मागेपुढे फिरवून वाटण वाटल्याचा अभिनय केला, तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांच्याकडे पाट्याला अम्मी म्हणतात. भाभी हसता हसता शेवग्याच्या खड्ड्यात बसल्या. मी मात्र हसले नाही. माझी प्राचीन वसाहत म्हणजे जाब्रियातल्या नर्सेसची सहल होती.

पण बाई सांगत गेल्या आणि मी नकळत जवळ सरकले. आठ-दहा जणींनी हाच कोपरा घेतला होता. एकत्र लागवड, एकत्र स्वयंपाक, सगळं सगळ्यांचं.

"मग मोडलं कशामुळे?" भाऊजींनी कळवळून विचारलं.

"बर्तन," बाई म्हणाल्या.

भाऊजी कुणी न सांगता उठले आणि आमचा कुकर घासायला घेऊन गेले.

मी बाईंना विचारू लागले: शेड कुठे होती? चूल कुठे? चूल टाकीच्या डावीकडे, त्या म्हणाल्या. खात्री करायला त्यांनी कोट्टायमला परतलेल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, उजवीकडे. मग मल्याळममध्ये जे पेटलं, त्यातला एकही शब्द आम्हाला कळला नाही, आणि सगळं कळलं. चुलीवरून गाडी भांड्यांवर आली, भांड्यांवरून अम्मी कुणी सोडून दिली यावर.

शेवटी मीच खुरपं उचललं. डावीकडे खणलं: नुसती वाळू. उजवीकडे खणलं, तर वीतभर खाली काळी राख, जळक्या विटा आणि नारळाच्या करवंटीचा तुकडा. मी तो फोनसमोर धरला. कोट्टायमहून अशी आरोळी आली की शेजारच्या ग्रीनहाउसमधले कामगार बाहेर आले. नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मला पदवीदान समारंभातही मिळाली नव्हती.

बाईंनी फोन बंद केला आणि घुश्शात वाळू उकरून पाटा धुवायला घेतला. घरी न्यायचा म्हटलं तर बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, जिन्यातच अडवेल, म्हणून तो इथेच राहील, असं त्यांनी जाहीर केलं. आणि आपणही दर शुक्रवारी येणार, असंही. आम्हाला कुणी विचारलं नाही. बैठकही झाली नाही.

मग भाभींच्या डब्यातलं खोबरं, मिरची आणि आमच्याच शेतातली कोथिंबीर घेऊन, वरवंट्याच्या जागी एक गुळगुळीत दगड धरून त्या वाटायला बसल्या. चटणी थोडी कचकचत होती. वाळू पूर्ण निघाली नव्हती. तरी भाईंनी तीनदा मागून घेतली, आणि प्रत्येक वेळी पाट्याला लांबून, जरा बिचकतच सलाम केला.