तितिक्षा, म्हणजे दीक्षा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही, देवापुढे बसूनही नाही. तिथं मी इतर बारीकसारीक चुका कबूल करत बसायची, म्हणजे ही मागे राहील. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच जमतंय बहुतेक.

आमचं घर जे. पी. नगरला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचे मराठी. घरात मराठी, पण भांडण रंगात आलं की कन्नडमध्ये शिरणारे. धाकटा भाऊ माधव होसकोटेच्या कारखान्यात कामाला. नव्वदच्या सुमाराला त्याला पुण्याची बायको केली — शुभा. मला अक्का म्हणायची. मी मोठी नणंद, बिनलग्नाची, जिभेची तिखट. तिनं ते सगळं मुकाट ऐकून घेतलं, हेही सांगून टाकते.

तिची दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी तिच्या वडिलांचं पत्र आलं. पुण्यात संस्कृत शिकवायचे ते. त्या पत्रात एक शब्द होता — तितिक्षा. कुरकुर न करता सोसणं. महिन्याभरात वडीलही गेले. तिसऱ्या खेपेला धडधाकट मुलगी झाली, तेव्हा शुभानं तिच्यासाठी तेच नाव आधीच ठरवलेलं होतं.

आता मला सांगा, असलं नाव कुणी ठेवतं? क्षमा ठेवा, श्रद्धा ठेवा. पण सोसणं? पोरगी डोळे उघडत नाही तोच तिच्या कपाळी सोसणं लिहायचं? असं मी घरभर बोलत फिरले, आणि खरं सांगू, ते मत मला आजही अगदीच वेडगळ वाटत नाही. त्यात लाडानं 'तिती' म्हणायला जावं, तर इथं कन्नडमध्ये तिथी म्हणजे श्राद्धाचं जेवण! बारशाला मी बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, आणि शेजारच्या अज्जींनी मोठ्यानं विचारलं, कुणाची तिथी? सगळे हसले. शुभाही हसली. तिला काही कळलं नव्हतं, म्हणून मग मी अर्थ समजावून सांगितला. मीच. तिच्या पानात वाढता वाढता.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण — लिहायलाही लाज वाटते — आत्या मी होते. नाव ठेवायचा मान आत्याचा. पहिल्या खेपेपासून मी मंजिरी ठरवून ठेवलं होतं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या घरात माझा पाळणा हलणार नव्हता हे तोवर मला पुरतं कळलं होतं. एक नाव तरी माझं असावं, असं वाटलं. वाटू दे की. वाटण्याबद्दल मी हे लिहीत नाहीये.

जन्मदाखल्यात नाव घालायला मी गेले. शुभा बाळंतीण, माधवला रजा नाही. शुभानं चिठ्ठीवर नाव लिहून दिलं, वर तीनदा बजावलं की दोन्ही 'ति' ऱ्हस्व. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. कारकुनानं विचारलं, 'हेसरू?' नाव काय? मी म्हणाले, दीक्षा. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं. मी म्हणाले, सरी, बरोबर. त्यानं रजिस्टर पुढं सरकवलं, त्यात मी सही केली.

मंजिरी का नाही सांगितलं? कारण मग हे मी केलं हे उघड झालं असतं. दीक्षा म्हटलं की ऐकण्यातली चूक वाटते. एवढा सगळा विचार मी रांगेत उभी असताना केला होता.

चार वर्षं तो कन्नडमधला दाखला कपाटात पडून होता. शाळेत नाव घालायच्या दिवशी तिथल्या बाईंनी वाचला आणि शुभा गोंधळली. मी म्हटलं, कारकुनानं ऐकण्यात घोळ घातला असणार. तिनं मान हलवली. म्हणाली, चूक माझीच, चिठ्ठी मराठीत लिहिली, त्याला कशी वाचता येणार?

इथपर्यंत मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

शुभा दुरुस्तीसाठी कचेरीत गेली, मला घेऊन. तिचं कन्नड भाजीबाजारापलीकडे गेलंच नव्हतं. बाहेर कुठं बोलायचं तर मी पुढं व्हायची. कारकून नवा होता, चांगला होता. भरभर म्हणाला — आई-बापांच्या सहीचा अर्ज आणा, जुनं रजिस्टर काढू, नाव कुणी सांगितलं ते बघू, पंधरा दिवसांत दुरुस्त करून देतो. रजिस्टर. माझी सही. शुभा माझ्या तोंडाकडं बघत होती.

"अक्का, हसून बोलतायत. म्हणजे होईल ना?"

"आता होणार नाही म्हणतोय," मी म्हणाले. "उशीर झाला."

तिनं कारकुनाला हात जोडले. त्याला वाटलं आभार मानतेय. त्यानंही हात जोडले. माधवनं संध्याकाळी ऐकलं आणि म्हणाला, दीक्षा काय वाईट आहे, स्वल्प ॲडजस्ट करू. शुभाला हे शेवटपर्यंत कळलं नाही. आता कळायला ती नाही.

त्या दिवशी कचेरीतून परत येताना रिक्षात ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही नसतात तर या गावात माझं कुणी ऐकूनही घेतलं नसतं." मी हात काढून घेतला नाही. असू दे गं, म्हणाले.

घरी आल्यावर तिनं दूध गरम केलं आणि अंगणात खेळणाऱ्या लेकीला हाक मारली — दीक्षा. पोरीनं वर बघितलंसुद्धा नाही. आई दुसऱ्याच कुणाला बोलावतेय असं वाटलं असणार तिला. मी पायरीवर शेंगा सोलत बसले होते. शुभानं पुन्हा हाक मारली, तीच. मी सोलत राहिले.