दहा मिनिटं पुढे

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. वडिलांसाठी भात मऊ शिजवून, कुस्करून, झाकून ठेवायचा आणि निघायचं. वडिलांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. वरची कवळी बसली होती, खालची तिच्या पगारातून व्हायची होती. त्यामुळे त्यांना हसता येत होतं, चावता येत नव्हतं. हसण्यासारखं घरात फार काही नव्हतं.

ती आमच्या कारखान्यात कंत्राटावर कॉम्प्युटर बघायची. आम्ही तिला सर्व्हरबाई म्हणायचो. मी पॅकिंगला होतो, पेट्या ठोकायचो. कुठली पेटी कुठे जाणार ते हेडक्लार्कच्या कॉम्प्युटरवर ईमेलने यायचं. ईमेल अडली की पेट्या भरून उभ्या, आणि आम्ही त्यांच्यावर बसलेलो.

नवा सर्व्हर बसवल्यापासून ईमेल रोजच अडायला लागली. सर्व्हरवर येऊन पडायची, पण हेडक्लार्कच्या कॉम्प्युटरवर उतरायची नाही. पडद्यावर एकच ओळ, सिंक झालं नाही. मॅनेजरसाहेब सर्व्हरबाईला म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी बघायला सांगतो."

म्हणजे खालची कवळी गेली.

पोरगी राबली, हे मी शपथेवर सांगेन. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायर बदलली. पासवर्ड नव्याने घातला. खातं काढून पुन्हा जोडलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि जुनी सगळी ईमेल उतरेपर्यंत खुर्चीवरून हलली नाही. वर टेबलाखालची धूळही पुसली, जे तिच्या कामात धरत नव्हते. संध्याकाळी सगळं ठणठणीत. सकाळी हेडक्लार्क येऊन बसले की पुन्हा तेच.

"तुझं यंत्र मला ओळखच देत नाही गं," ते म्हणाले.

"काका, तुमचा पायगुण."

बोलली थट्टेत, पण तेच तिच्या डोक्यात बसलं.

शुक्रवारी ती त्यांच्या आधी आली. कॉम्प्युटर लावला. ईमेल धडाधड उतरली. मग खुर्ची रिकामी करून बाजूला उभी राहिली. मी पेट्यांच्या कागदावर सही घ्यायला आलो होतो, मीही थांबलो.

हेडक्लार्क आले. पिशवी अडकवली, चष्मा पुसला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि कॉम्प्युटरची वेळ दहा मिनिटं पुढे केली.

"हे काय करताय, काका?"

"वेळ लावतोय. रात्रीतून मागे पडतं हे. स्वस्तातलं घेतलंय ना."

कारखान्यातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असायची. कामगारांनी वेळेआधी मशीनवर उभं राहावं म्हणून थोरल्या मालकांनी ती तशी लावून घेतली होती. सुटीचा भोंगा मात्र चौकीदार स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून वाजवायचा. ते बरोबर चालायचं.

"सर्व्हर आधी दोन्हीकडची वेळ ताडून बघतो," ती म्हणाली. "पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर पासवर्ड खरा असूनही आत घेत नाही. त्याला वाटतं, कोणीतरी चोरलेली किल्ली घेऊन आलाय. रात्री कॉम्प्युटर मागे पडत नाही, काका. तो आपणहून वेळ सुधारतो. तुम्ही सकाळी बिघडवता."

"मी कारखान्याची वेळ लावतो. हुकमाशिवाय बदलणार नाही."

म्हणून आम्ही तिघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी बराच विचार केला.

"कॉम्प्युटरपुरती खरी वेळ ठेवा," ते म्हणाले.

"आणि भिंतीवरची?" मी विचारलं.

"तुम्हाला ईमेल येते का?"

"नाही."

"मग तुमची काय अडचण आहे?"

त्या दिवशी तुंबलेल्या सगळ्या पेट्या गेल्या. हात बधिर होईपर्यंत खिळे ठोकले. तिचं कंत्राट राहिलं. पुढे पगार साठवून तिने खालची कवळी करून घेतली आणि ती बसली त्या दिवशी भात मोकळा शिजवला. वडिलांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"कच्चा राहिलाय," ते म्हणाले.