मामाने काढलेल्या सावल्या

माझ्या मामाला हौस एकच, सावल्यांचे फोटो काढायची. आठवडाभर तो त्याच्या चिमुकल्या स्टुडिओत ओळखपत्रांसाठी लोकांचे चेहरे टिपायचा. "हनुवटी वर, हसू नका" असं म्हणून म्हणून त्याला चेहऱ्यांचा वीट आला होता. सुट्टीच्या दिवशी मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून स्वारी रस्त्यावर. फुटपाथवर पडलेली सायकलच्या चाकाची सावली, दोरीवरच्या शर्टांची भिंतीवर उमटलेली रांग, पायऱ्यांवर मोडत जाणारे कठड्याचे पट्टे. ऊन तिरपं झालं की मामा माणसांतून उठलाच म्हणायचा.

फोटो झकास यायचे, हे कबूल करायलाच हवं. पण माणसं त्याला सावली पाडण्यापुरतीच लागायची आणि त्यासाठी हक्काचं माणूस म्हणजे मामी.

"अगं, जरा उन्हात येऊन उभी राहा."

हातातलं काम टाकून मामी यायची, केस सारखे करायची आणि कॅमेऱ्याकडे बघायची. कॅमेरा जमिनीकडे.

"इकडे काय बघतेस? मान वळव. सावलीचं नाक गेलं!"

"अहो, एकदा तरी वर करा की तो कॅमेरा. माझाही काढा एखादा."

"काढू की. तू कुठे पळून चाललीयेस?"

हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. दिव्याखाली अंधार, असं माझी आई म्हणायची आणि मामा मोठ्याने हसायचा. मामीही हसायची. मला मात्र त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

मामी फार आजारी नव्हती. मध्ये एकदा थोडे दिवस दवाखान्यात होती, पण बरी होऊन घरी आली, नेहमीसारखी कामाला लागली आणि वर्षभरानंतर एका सकाळी चहा गाळता गाळता गेली.

परगावाहून मामेबहीण आली. परत निघताना तिने एवढंच मागितलं, "बाबा, आईचा एखादा अलीकडचा फोटो द्या."

फोनमध्ये कॅमेरे यायच्या आधीची ही गोष्ट. मामाने कपाट उपसलं. लग्नातल्या फोटोत मामीने मान इतकी खाली घातलेली की फक्त भांग दिसत होता. ओळखपत्राचा एक सापडला, मामानेच काढलेला, ऐन तारुण्यातला. तिलाही त्याने "हसू नकोस" म्हणून दटावलं असणार, कारण चेहरा शाळेत मार खाल्लेल्या मुलीसारखा झाला होता.

"ही माझी आई नाही," बहीण म्हणाली.

मग मामाने सावल्यांचे सगळे फोटो जमिनीवर पसरले आणि त्यांत मामीला शोधायला लागला. एक उचलला. "ही बघ." पुन्हा निरखला. "नाही, ही शेजारच्या वहिनींची." दुसरा उचलला, ठेवला. तिसरा उजेडाकडे धरला. आयुष्यभर सावल्या पाहिलेल्या त्या माणसाला बायकोची सावली ओळखता येईना.

"चेहरा काढायला हवा होता गं," तो मला म्हणाला. "रोज समोर तर होता." आणि फोटोंच्या पसाऱ्यात बसून तो ढसाढसा रडला. माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला, कळलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने एक फोटो उचलला. जिन्याच्या पायऱ्यांवर बादली घेऊन चढणाऱ्या बाईची लांबलचक सावली. "हीच! बादली आपलीच आहे. आणि चालणं बघ, जरा डावीकडे झुकून. हीच ती."

बहिणीने तो हातात घेतला, त्या काळ्या आकृतीवरून बोट फिरवलं आणि होकारार्थी मान हलवली.

मी तो फोटो बघितल्याबरोबर ओळखला. तो काढला तेव्हा मामी दवाखान्यात होती. मी डबा न्यायला आले होते आणि तेवढ्यात ऊन छान पडलं म्हणून मामाने माझ्या हातात बादली देऊन मला जिना चढायला लावला होता. ती सावली माझी होती.

"ओळखू येते ना?" मामाने मला विचारलं.

"हो मामा. अगदी मामीच."

मामाने त्याची एक प्रत बहिणीला दिली आणि एक मोठी करून दाराजवळच्या भिंतीवर लावली. त्याच्याकडे गेले की मी त्या भिंतीकडे बघायचं टाळते. मामा मात्र रोज सकाळी स्टुडिओत जायला निघताना तिथे थांबतो, माझ्या सावलीकडे बघतो आणि म्हणतो, "येतो गं."