शेवग्याची फांदी

शाळेतून शिकवून परतले, तर गल्लीतल्या दारोदारी शेवग्यांचे नुसते बुंधे उरले होते. तापानं गावातली दोन पोरं दगावली होती, म्हणून दुपारी भगतानं देवळात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "जिच्या दारात शेवगा, तीच चेटकीण." मग प्रत्येकानं घाईघाईनं आपापली बायको वाचवली. भीती खरं-खोटं विचारत बसत नाही. ती आधी आपल्याच दारातलं झाड तोडायला लावते आणि मग ज्याचं उभं राहिलं, त्याच्याकडे बोट दाखवते.

उभं होतं ते एकट्या राहणाऱ्या सखूमावशीचं, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. कुंपणाबाहेर माणसं जमली होती. काहींच्या हातात दगड होते.

"मावशी, तुम्हीही तोडून टाकायचा होता," मी आत जाऊन हळूच म्हटलं.

"का म्हणून? त्या झाडानं कुणाचं काय केलंय?" कोयता घेऊन ती उठली. तिनं एक हातभर फांदी छाटली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. "फांदी खोचली तरी शेवगा जगतो, बाई. हिंमत असेल तर लाव."

मी लावली. मागे परसात नाही, ऐन रस्त्यावरच्या दारात.

भगताला सांगा, गावात आता चेटकिणी दोन झाल्या.