आबारावांच्या नावावर अडवलेली खोली

शिवशंकरला राग आला की तो ओरडत नाही, पुसायला लागतो. काउंटरची काच, किल्ल्यांचे पितळी बिल्ले, टेलिफोन, समोर येईल ते. अंबडच्या शाळेत मी शिकवायचो आणि तो माझ्या वर्गात होता, तेव्हा फळा पुसायचा, अक्षर नसलेला भागसुद्धा. वर्गात कोणाशी तरी बिनसलं आहे, हे मला त्यावरून कळायचं. आता तो जालन्यात एका लॉजचा मॅनेजर आहे आणि मी सकाळी तिथे पेपर वाचायला जातो. गेल्या मे महिन्यात त्या काउंटरच्या काचेत तोंड दिसत होतं.

लॉज अंबड चौफुलीच्या अलीकडे आहे, तीन मजली. रामकिसनरावांची जमीन एमआयडीसीत गेली, त्या पैशातून त्यांनी ते बांधलं आणि पहिल्या दिवसापासून काउंटर शिवशंकरच्या हाती दिलं. जालन्याला कोणी हौसेनं राहायला येत नाही. येतात ते कामाची माणसं: बियाणे कंपन्यांचे लोक, लोखंडाच्या मिलमध्ये मशीन बिघडलं की धावत येणारे फिटर, हिशेब तपासणारे. सोमवारी दुपारी बॅगा येतात, शुक्रवारी जातात. शनिवार-रविवारी गॅलरी इतकी मोकळी असते की साफसफाई बघणारी गोजरबाई तिथे उन्हाळ्यात शेवया वाळत घालते.

या कामाच्या गिऱ्हाइकांशी शिवशंकरचा एक रिवाज होता. पाडव्याला भाव सांगायचा, तो पुढच्या पाडव्यापर्यंत बदलायचा नाही. आणि नेहमीच्या माणसाचा फोन आला, की "या" म्हणायचं. एकदा "या" म्हटलं की ती खोली त्याची. मग दारात दुप्पट देणारा उभा राहिला तरी त्याला पुढचं लॉज दाखवायचं.

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याचे वडील आबाराव मेंढरांवाले. दिवाळीनंतर कळप घेऊन ते गोदाकाठाकडे उतरायचे. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घ्यायचे आणि रात्रीमागे ज्वारी द्यायचे. आबारावांनी एकाला हो म्हटलं की वाटेत दुसरा कोणी जास्त पायल्या देऊ करत असला तरी कळप त्याच्या बांधावरून पुढे जायचा. शिवशंकर लहानपणी सुट्ट्यांत त्या कळपामागे चालला आहे.

तीन वर्षांपूर्वी जिंतूरचे रामराव आपल्या मुलीला, प्रीतीला, घेऊन लॉजवर आले. तिला बियाण्यांची उगवण तपासण्याची नोकरी लागली होती. कंपनीची कचेरी परभणीला आणि माल जालन्याच्या प्लांटमध्ये. कोणत्या दिवशी माल तयार होईल ते आदल्या दिवशीसुद्धा नक्की नसायचं. निरोप आला की बसमध्ये बसायचं आणि दोन रात्री जालन्यात राहायचं. रामरावांना ही नोकरी नकोच होती. त्यांनी खोलीची कडी आतून लावून पाहिली, जिना पाहिला, गोजरबाई रात्री कुठे झोपते ते विचारलं. मग शिवशंकरसमोर नुसते उभे राहिले.

शिवशंकर म्हणाला, "दादा, कवा बी येऊ द्या. सोमवार ते शुक्रवार जिन्याजवळची खोली हिची म्हंजे हिची."

त्या एका वाक्यावर प्रीतीची नोकरी उभी राहिली. घरात तिच्या भावाने, मामाने नाक मुरडलं तेव्हा रामराव तेच सांगायचे, की जालन्यात आपला माणूस आहे.

मागच्या दिवाळीत रामकिसनरावांचे गुडघे गेले आणि पुण्यात हॉटेलात नोकरी करणारा त्यांचा मुलगा कल्याण परत आला. त्याच्याबद्दल खोटं लिहिणार नाही. पोरगा कष्टाळू आहे. त्याने गळके नळ बदलले, सकाळी गरम पाणी वेळेवर येईल असं केलं, गोजरबाईचा पगार वाढवला. आणि लॉज एका ॲपवर टाकलं. तिथे भाव माणूस ठरवत नव्हता. खोल्या भरत आल्या की भाव आपोआप चढायचा, रिकाम्या राहिल्या की उतरायचा. शनिवारी-रविवारी स्वस्त, मंगळवारी-बुधवारी महाग. सकाळी एक आकडा, दुपारी दुसरा.

ते चाललंही. शनिवारी लग्नाची वऱ्हाडं येऊ लागली, गोजरबाईच्या शेवया गच्चीवर गेल्या. शिवशंकरला हेच जास्त लागलं. ते फसलं असतं तर त्याला बोलता आलं असतं.

कल्याण त्याला समजावायचा. एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "काका, मोंढ्यात टमाट्याचा भाव रोज बदलतो. त्याचा तुम्हाला राग येत न्हाई. मंग खोलीचाच का?"

शिवशंकर काच पुसत म्हणाला, "टमाटा दारात बॅग घिऊन उभा राहत न्हाई."

नेहमीच्या लोकांचं काय, यावर कल्याणचं उत्तर सरळ होतं. ज्याला खोली पाहिजे त्याने आधी घ्यावी, सगळ्यांसारखी. पण फिटरला मशीन कधी तुटणार ते आधी कळत नाही आणि प्रीतीला माल कधी निघणार ते कळत नाही. मे महिन्यात तर पेरणीच्या आधीची घाई. सगळ्या कंपन्यांचे लोक एकदमच जालन्यात.

मग शिवशंकरने एक युक्ती काढली. फोनवरून आलेली नोंद तो स्वतः कॉम्प्युटरवर घालू शकत होता. तो रोज सकाळी तीन-चार खोल्या खोट्या नावांवर घालून ठेवू लागला. खोटी तरी कशी म्हणू? सगळी त्याच्या भावकीतली नावं होती. चुलता सोमेश्वर, मेव्हणा पुंजाराम, आणि जिन्याजवळच्या खोलीवर वडील, आबाराव, ज्यांना जाऊन आठ वर्षं झाली. नेहमीचं गिऱ्हाईक आलं की नाव बदलून त्याला पाडव्याच्या भावाने खोली द्यायची. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी नाव काढून टाकायचं. कल्याणला यातलं काही माहीत नव्हतं. मला सांगताना शिवशंकर पुष्कळ दिवसांनी हसला. म्हणाला, "सर, मशीनच्या तोंडातून खोल्या काढून राह्यलो."

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. मशीनला आबाराव कोण ते ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की खोल्या भरत चालल्या. म्हणून उरलेल्या खोल्यांचा भाव ते आणखी चढवत होतं. शिवशंकर जेवढ्या खोल्या अडवत होता तेवढ्या उरलेल्या महाग होत होत्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका बुधवारी त्याला अंबडला तहसीलदारांच्या कोर्टात जावं लागलं. पुतण्याच्या बांधाच्या वादाची तारीख होती. सकाळी नावं घालून तो निघून गेला आणि काउंटरवर कल्याण बसला.

दुपारी उन्हातून प्रीती आली. तिने जिन्याजवळची खोली मागितली. कल्याणने पाहिलं आणि सांगितलं, की ती कोणा आबारावांनी घेतली आहे, यायचे आहेत. एकच खोली उरली आहे, आणि भाव नेहमीच्या तिप्पट. कंपनी राहण्याचा जो खर्च द्यायची त्यात ते बसत नव्हतं आणि प्रीतीचा पगार तो किती. तिने शिवशंकरला फोन लावला. कोर्टात फोन बंद. सोफ्यावर बसून ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. तेवढ्यात तीच उरलेली खोलीही ॲपवरून कोणी घेतली. कल्याणने तिला स्टेशनजवळच्या दोन लॉजची नावं दिली. एकटी बाई म्हटल्यावर तिथे काय विचारलं जातं हे त्याला कळायला हवं होतं. त्याच वेळी रामरावांचा रोजचा फोन आला. तिने खरं ते सांगितलं. ते म्हणाले, घरी ये.

ती वाटूरमार्गे जाणारी बस धरून जिंतूरला गेली. सकाळी प्लांटवर ट्रक उभे, तपासणी करायला माणूस नाही. तिच्या साहेबांनी दुपारपर्यंत वाट पाहिली आणि जालन्याचं काम अकोल्याच्या एका मुलाला देऊन टाकलं. जालन्याचं काम गेलं म्हणजे तिची अर्धी नोकरीच गेली, उरलेली अर्धी साहेबांच्या मर्जीवर.

त्याच गुरुवारी सकाळी इकडे मी पेपर उघडून बसलो होतो. गोजरबाईने शिवशंकरला दारातच सगळं सांगितलं. तो आत आला, आणि मी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. पोरगी उन्हात आली, तिला उभं ठेवलं, तिप्पट सांगितलं, रामकिसनरावांनी असं कधी केलं नसतं, हे लॉज आहे की सट्ट्याचा अड्डा, असं बरंच. कल्याण ऐकत होता. खोली नव्हती, एवढंच म्हणत होता.

गोजरबाई हातावर चादरी घेऊन जिन्यावरून उतरली. तिच्या मनात काहीच नव्हतं, तिने सहज विचारलं, "शिवाभाऊ, ते आबाराव येतेत का न्हाई कधी? तिथल्या चादरीची घडी मोडनाच गेली. धुवायला काय टाकू?"

कल्याणने शिवशंकरकडे पाहिलं. बारशापासून तो शिवशंकरच्या घरात ये-जा करत होता, आबाराव हे नाव कोणाचं ते त्याला ठाऊक होतं. काल घाईत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, ते आता आलं. त्याने स्क्रीन फिरवली. सोमेश्वर, पुंजाराम, आबाराव.

"आजोबा आठवड्यातून चार दिवस मुक्कामाला येतेत," तो म्हणाला. "काका, काल तीन खोल्या कुलूप लावून रिकाम्या होत्या. तुम्ही माझ्यावर ओरडून राह्यले. भाव मी न्हाई चढवला. तुम्ही चढवला."

शिवशंकरचा राग मात्र तेवढाच होता, आणि तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याने काउंटरचा फोन उचलला आणि आमच्यासमोरच रामरावांना लावला. कोर्टाचं कारण सांगेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "दादा, खोली होती. रिकामी होती. माझ्या बापाच्या नावावर मीच अडवून ठिवल्ती."

पलीकडून रामराव काय बोलले ते त्या जुन्या फोनमधून मलाही ऐकू आलं.

"मंग तुमचा शब्द कोणाला होता, भाऊ? पोरीला का मशीनला?"

पुढच्या सोमवारी प्रीती स्वतः आली. अकोल्याच्या मुलाला प्लांट दाखवून काम त्याच्या हवाली करायचं होतं. ते करून ती दुपारी लॉजवर आली. मी तिला नेहमी हसतमुख पाहिलेलं, त्या दिवशी ती सोफ्यावर बसलीसुद्धा नाही. शिवशंकर उठून पुढे आला. आता असं होणार नाही, वरचा फरक मी माझ्या पगारातून भरीन, मी जिवंत आहे तोवर ती खोली तुझी, असं तो सांगत राहिला. ती ऐकत उभी होती. मग म्हणाली, "काका, खोली तुमच्या मनात होती. दारात नव्हती."

आणि ती कल्याणकडे वळली.

तिने तयारी करून ठेवली होती. कंपनीचे तिघे-चौघे वर्षभर जालन्याला येतात, वेगवेगळ्या लॉजवर उतरतात. ते सगळे इथे उतरतील. सोमवार ते शुक्रवार दोन खोल्या कंपनीसाठी ॲपच्या बाहेर ठेवायच्या. भाव वर्षभर एकच. महिन्यातल्या ठराविक रात्रींचे पैसे कंपनी देईल, कोणी येवो न येवो. हे सगळं लिहिलेलं लॉजचं पत्र हातात मिळालं तर ती साहेबांकडे जाऊन जालन्याचं काम परत मागू शकत होती.

कल्याणने मान खाली घालून हिशेब केला. मेच्या भावाच्या मानाने ते कमी होतं, पण पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात तेव्हाचंही त्यात भरून निघत होतं. थोडी घासाघीस झाली, तीही तिनेच केली. शिवशंकर दोघांच्या मध्ये उभा होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

शेवटी त्याला राहवलं नाही. "अगं, पाडव्याच्या भावापेक्षा ह्यो जास्त हाय. मी तुला त्याच भावात देऊन राह्यलो ना."

"जास्त आहे," प्रीती म्हणाली. "पण तुम्ही अंबडला गेलात तरी तो राहील."

कल्याणने पत्र दिलं. साहेबांनी कुरकुर करून तिला काम परत दिलं, या हंगामापुरतं, पुढचं पुढे बघू म्हणाले. ती आता येते, कंपनीच्या नावाची खोली घेते, शिवशंकरला नमस्कार करते. रामराव पोरीला पाठवतात. पण रोजचा फोन आता ते लॉजच्या काउंटरवर करतात, आणि शिवशंकरने उचलला तर त्याचं नाव घेत नाहीत. कल्याणराव आहेत का, एवढंच विचारतात.

परवा रामरावांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. शिवशंकर "देतो" म्हणाला, फोन कल्याणच्या हातात दिला आणि बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिला. समोरून दूधवाला आला. दूध पातळ आहे, वेळेवर येत नाही, किटली घासत नाही, असं शिवशंकर त्याला बोलत सुटला. दूधवाला माझ्याकडे पाहू लागला. दूध रोजच्यासारखंच होतं.