गुरुजींचा शेवंतीचा वाफा

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी तणाला शाळेतल्या पोरांसारखं रागवायचे. सकाळी वाफ्याकडेला गोणपाट टाकून बसायचे, हातात खुरपं, नाकात तपकीर, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "काहून रे, पुना आलास? काल हाकललं होतं न्हाई का तुला? चल, वर्गाबाहेर!" की रोपटं मुळासकट कुंपणाबाहेर. भिंतीअलीकडे भांडी घासता घासता मी हसून बेजार व्हायचे.

नव्वदच्या दशकात मी आखाडा बाळापुरात सून म्हणून आले, तेव्हा गुरुजींची बायको हयात होती. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. फुटक्या डेऱ्यात त्यांचं पांढऱ्या शेवंतीचं एकच झाड होतं. सासरी आल्यावर माझ्या केसांत पहिलं फूल माळलं ते काकूंनीच. पुढे एका थंडीत त्या गेल्या. गुरुजी चारचौघांत रडले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी भिंतीलगत लांब वाफा केला, शेणखत भरलं, आणि डेऱ्यातलं झाड उपटून त्याचे सगळे फुटवे ओळीने लावले. "तिला वर्ष होईल त्या दिवशी बाजारचं फूल न्हाई आणायचं," म्हणाले. "तिच्याच झाडाचं वाहीन. एवढं जमलं की बस."

शेणखत नीट कुजलेलं नव्हतं. पाणी लागताच वाफाभर गाजरगवत उगवलं. त्या मेल्याचं कोवळं रोप दिसायला थेट शेवंतीसारखं, तसंच कातरलेलं पान. त्यात गुरुजींना काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. तपकिरीने वासही कधीचाच गेला होता. मी म्हणाले, "गुरुजी, मी वाफा निंदते ना."

"नको पोरी. जल्मभर तिनं माझं केलं, एवढं मला करू दे. आपल्या वर्गातलं लेकरू मास्तरला बराबर वळखू येतं."

श्रावणात मी बाळंतपणाला माहेरी गेले, शिरड शहापूरला. लेकरू घेऊन परतले तेव्हा थंडी पडली होती आणि गुरुजींची नजर पुरती गेली होती. माझा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा खुलला.

"आलीस? बरं झालं. आजच तिला वर्ष झालं बघ. फुलं आलीत. माझ्या हाताला नुसत्या बारीक कळ्या लागून राहिल्या. एक उमललेलं तोडून दे."

मी वाफ्यापाशी गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढं गाजरगवत, आळी करून पाणी घातलेलं. त्याची ती साबुदाण्यासारखी पांढरी फुलं. शेवंतीचं पान औषधालाही नव्हतं. कुंपणाबाहेर वाळलेल्या काड्यांचा ढीग पडला होता. देवा, वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये! बाजारातून शेवंती आणून द्यावी, असंही मनात येऊन गेलं. पण त्यांना फसवणं माझ्याच्याने होईना. कडेवरचं लेकरू रडायला लागलं.

"काहून गप झालीस?" गुरुजी चाचपडत आले. "उत्तर येत नसलं की लेकरू असंच गप उभं राहतं."

त्यांनी एक फांदी ओढली आणि फुलं चिमटीत चोळली. बराच वेळ चोळत राहिले.

"म्हंजे वर्गाबाहेर मी तिलाच काढलं," ते म्हणाले.

त्या दिवशी काकूंच्या फोटोपुढे काहीच वाहिलं गेलं नाही. गुरुजी पुढे काही वर्षं जगले, पण भिंतीपलीकडून ते रागावणं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. वाफा नुसता माजला. न राहवून एकदा मी खुरपं घेऊन गेले, तर त्यांनी हात आडवा केला.

"राहू दे पोरी. त्यांचा काय दोष? त्यांना पाणी मीच घातलं."